बोरिसचे पाच प्रवेश

नांदी

काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर उतरलं की रांगा फुटतात. गोऱ्या प्रवाशांची रांग व्हिसाच्या खिडकीकडे वळते, फॉर्म भरते, डॉलर मोजते. आपली मंडळी पिशवीच्या तळातून निवडणूक ओळखपत्र काढतात. समोरचा माणूस आधी फोटो बघतो, मग चेहरा बघतो, आणि मान हलवतो. झालं! नाशकात किंवा सांगलीत मतदान केंद्रावर दाखवायचं कार्ड इथे परदेशात चालतं, याची गंमत वाटेपर्यंत सहलवाला पुढची यादी वाचू लागतो. पशुपतिनाथ, बुद्धनीलकंठ, मनोकामनेचा रोपवे, रुद्राक्षांची खरेदी.

नेपाळचं हे दार पूर्वी इतकं सैल नव्हतं. 1846 साली जंगबहादुर राणाने सत्ता हातात घेतली, तेव्हापासून 1951 पर्यंत राणा घराण्याने नेपाळ कडीकुलपात ठेवला. महाशिवरात्रीला भारतातले यात्रेकरू पशुपतिनाथापर्यंत जाऊन येत. एरवी परक्याला मज्जाव. ज्यांनी हे दार पुढे पर्यटकांसाठी उघडायला लावलं, त्यांत राजे होते, मुत्सद्दी होते, गिर्यारोहक होते, आणि एक बॅले नर्तकही होता. जन्म ओडेसाचा, तालीम पॅरिसची, दुसरी बायको डेन्मार्कची, धंदा कलकत्त्याचा, शेवट काठमांडूचा. नाव बोरिस लिसानेविच.

त्याच्यावर इंग्रजीत पुस्तक आहे. मिशेल पेसेल या फ्रेंच प्रवाशाने 1966 साली लिहिलेलं ‘टायगर फॉर ब्रेकफास्ट’. त्यात शिकारी आहेत, राजेरजवाडे आहेत, मेजवान्या आहेत आणि बऱ्याच गोष्टी तिखटमीठ लावून सांगितल्या असाव्यात असं वाटत राहतं. पण माझ्या डोक्यात हा माणूस अडकून बसला तो एका मराठी शब्दामुळे. आपल्याकडे नट रंगमंचावर येतो तो ‘प्रवेश’, नाटकाच्या अंकातला तुकडा तोही ‘प्रवेश’, आणि दारावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं तेही ‘प्रवेश’. या तिन्ही अर्थांनी बोरिसने एकच काम जन्मभर केलं. आधी स्वतःला आत घ्यायला लावलं. मग इतरांना.

प्रवेश पहिला : ओडेसा

काळ्या समुद्राकाठचं ओडेसा हे बंदर आज युक्रेनात आहे. 1905 साली, बोरिस जन्मला तेव्हा, ते रशियन साम्राज्यात होतं. वडील जमीनदार, शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणारे. मुलाने सैन्यात अधिकारी व्हायचं हे घरात ठरलेलं, त्यामुळे पोरवयातच त्याला लष्करी छात्रशाळेत घातलं. 1917 साली क्रांती झाली तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता. पुढची तीन वर्षं ओडेसा या हातातून त्या हातात जात राहिलं. आज एका फौजेचा अंमल, उद्या दुसऱ्या. ज्या गणवेशाचा परवा अभिमान होता, तो आता अंगावर सापडला तर जीव जायचा.

जमीनदाराचा मुलगा आणि वर जुन्या छात्रशाळेचा विद्यार्थी. नव्या राजवटीत याहून वाईट कुंडली नाही. वाचवलं ते ओडेसाच्या ऑपेरा हाउसने. नात्यातल्या एका नृत्यशिक्षिकेने त्याचं नाव बॅलेच्या संचात घालून घेतलं. आता तो जमीनदाराचा मुलगा उरला नाही, कागदोपत्री रंगभूमीचा कामगार झाला. नाच आवडला म्हणून हा मुलगा नाचाकडे गेला नाही. त्याला ओळखपत्र हवं होतं आणि ते नर्तकाचं मिळालं.

पण खोटं सोंग घेऊन बॅलेत फार दिवस उभं राहता येत नाही. रोज सकाळी भिंतीकडेच्या आडव्या दांड्याला धरून पाय वळवावे लागतात, घोटे सुजतात, उडी चुकली तर सगळ्यांसमोर चुकते. सोंग घेता घेता अंग खरं झालं. त्या काळात ऑपेरा हाउसमधल्या नर्तकांना आणखी एक गोष्ट शिकायला मिळत असणार: बाहेर गोळीबार चालला असला तरी पडदा वेळेवर वर जातो. पुढे काठमांडूत, जिथे वेळेवर काहीच येत नसे, बोरिसला हे धडे उपयोगी पडले.

1924 साली तो ओडेसातून बाहेर पडला. मागे राहिलेलं घर तोवर घर उरलंच नव्हतं.

प्रवेश दुसरा : पॅरिस

त्या वर्षांत युरोपात लाखो रशियन बेवतन झाले होते. सोव्हिएत सरकारने 1921 सालीच देश सोडून गेलेल्यांचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. एक नॉर्वेजियन माणूस मदतीला आला: फ्रिट्यॉफ नान्सेन, ध्रुवप्रदेशाचा शोधयात्री, राष्ट्रसंघाचा निर्वासितांसाठी नेमलेला उच्चायुक्त. कुठल्याच देशाच्या नसलेल्या माणसांना सीमा ओलांडता याव्यात म्हणून त्याने 1922 साली एक दाखला सुरू केला, तोच ‘नान्सेन पासपोर्ट’. त्याच वर्षी त्याला शांततेचं नोबेल मिळालं. पॅरिसमधले कितीतरी रशियन नट, गायक, टॅक्सीचालक या कागदावर जगले. बोरिसची पिढी ही अशी कागदाची किंमत कळलेली पिढी.

पॅरिसमध्ये त्याला आसरा दिला तो सर्गेई दियागिलेव्हच्या ‘बॅले रुस’ या कंपनीने. या कंपनीची तुलना आपल्याकडे कशाशी करावी? गंधर्व नाटक मंडळीची श्रीमंती आणि कर्जं, दोन्ही डोळ्यांसमोर आणा, आणि त्यात भर घाला ती पिकासो-मातिसने रंगवलेल्या पडद्यांची आणि स्ट्राविन्स्की-प्रोकोफिएव्हच्या संगीताची. मासीन, बालांशीन, लिफार यांच्यासारखे नर्तक आणि नृत्यदिग्दर्शक याच मंडळीतले. बोरिस पहिल्या रांगेतला तारा नव्हता, पण संचातला भरवशाचा गडी होता.

दियागिलेव्हची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण बोरिसला शाळा मिळाली ती हीच. दियागिलेव्हला तरुणपणी संगीतकार व्हायचं होतं. रिम्स्की-कोर्साकोव्हला त्याने आपल्या रचना दाखवल्या. गुणीजनांनी सांगितलं की यात काही नाही. तो रडत बसला नाही. आपल्याला सूर लावता येत नसेल तर ज्यांना येतो त्यांना एकत्र आणू, असं त्याने ठरवलं. कोणाला कुठे बसवायचं, कोणाची कोणाशी गाठ घालायची, आणि सावकार दाराशी असताना पाहुण्यांना शॅम्पेन कशी पाजायची, ही त्याची कला. तो स्वतः नाचत नसे, चित्र काढत नसे, आणि तरीही त्याच्यावाचून काहीच उभं राहत नसे. यजमानपणाचं हे सगळ्यात मोठं रूप बोरिसने जवळून पाहिलं.

ऑगस्ट 1929 मध्ये दियागिलेव्ह व्हेनिसमध्ये वारला आणि मंडळी फुटली. नर्तक वाट फुटेल तिकडे गेले. 1932 साली लंडनच्या लायसियम नाट्यगृहात माक्स राइनहार्टचा ‘द मिरॅकल’ हा भव्य मूकप्रयोग झाला. नृत्यं मासीनची होती आणि मॅडोनाच्या भूमिकेत लेडी डायना कूपर होती. त्या संचात बोरिसही होता. तोवर त्याने किरा नावाच्या रशियन नर्तिकेशी लग्न केलं होतं. युरोपात मंदी होती, मंडळ्या बंद पडत होत्या. 1933 साली दोघे जोडीने पूर्वेच्या दौऱ्यावर निघाले. हिंदुस्थान, सिंहलद्वीप, इंडोचीन, चीन असा तो दौरा. दोन माणसांची कंपनी, पेटाऱ्यात पोशाख, बंदरागणिक नवा रंगमंच.

त्या तीन वर्षांत बोरिसला नाचापेक्षा वेगळं काहीतरी उमगलं असावं. वसाहतींमधल्या शहरांत प्रेक्षक नाच बघायला येत होते, पण त्यांना खरी भूक होती ती प्रयोग संपल्यावर बसायला एखाद्या जागेची.

प्रवेश तिसरा : कलकत्ता

कलकत्त्याचे क्लब म्हणजे इंग्रजी राज्याची उतरंड चुनखडीच्या भिंतीत बांधलेली. बेंगाल क्लबात हिंदी माणसाला जेवायलाही मज्जाव. उद्योगपती राजेंद्रनाथ मुखर्जींना व्हाइसरॉय लॉर्ड मिंटोने जेवायला बोलावलं आणि क्लबाने त्यांना आत घेतलं नाही, तेव्हा त्या अपमानातून 1907 साली कलकत्ता क्लब निघाला, हिंदी आणि युरोपीय दोघांना खुला. मुंबईतही हेच झालं. लॉर्ड विलिंग्डनच्या पुढाकाराने विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब उभा राहिला. म्हणजे रंगाची भिंत आधीच पोखरायला लागली होती. पण दुसऱ्या भिंती शाबूत होत्या. कलकत्ता क्लबने बायकांना सभासदत्व दिलं ते पार 2007 साली!

बोरिसने डिसेंबर 1936 मध्ये काढलेल्या ‘300 क्लब’ने दोन्ही भिंती एकदम पाडल्या. सभासद तीनशेच, म्हणून नाव तीनशे. गोरे आणि हिंदी, पुरुष आणि स्त्रिया, सगळ्यांना एकच दार, आणि रात्र उलटली तरी स्वयंपाकघर चालू. एका आर्मेनियन धनिकाने बांधलेल्या वाड्यात हे सगळं चाले. इतर क्लब दिवे मालवत तेव्हा इथे मैफल रंगात यायची.

क्लबच्या वर्तुळात कूचबिहारचं राजघराणं होतं, आणि इथे आपला एक धागा जुळतो. कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न स्वतः पत्र लिहून मोडणारी ही मराठी राजकन्या पुढे आदरातिथ्यासाठी युरोपभर नावाजली गेली. त्यांच्या कन्या गायत्रीदेवींनी आठवणींत सांगितलं आहे की एका इटालियन पदार्थाची खरी चव कळावी म्हणून आईने आपल्या आचाऱ्याला थेट रोमच्या खानावळीत नेलं होतं. या घरात वाढलेल्या मंडळींना बोरिसची भाषा परकी वाटण्याचं कारण नव्हतं. भाषा एकच: पाहुणा आणि पान.

पण त्या दिव्यांबद्दल लिहिताना लेखणी अडखळते. 1943 साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. लाखो माणसं मेली. कलकत्त्याच्या फुटपाथवर लोक भाताची पेज मागत फिरत होते, आणि त्याच शहरात महायुद्धावर आलेले इंग्रज-अमेरिकन अधिकारी क्लबांमध्ये जेवत होते. 300 क्लबच्या गोष्टी सांगणारे सहसा हे वाक्य गाळतात. दार सगळ्या वर्णांना उघडं होतं हे खरं. पण त्या दारापर्यंत पोचायलाही ऐपत लागत होती, हेही तितकंच खरं.

याच क्लबात 1944 साली बोरिसची ओळख एका उदास पाहुण्याशी झाली. नेपाळचे राजे त्रिभुवन. गादी त्यांची, हुकूम राणांचा. स्वतःच्या राजवाड्यात जवळजवळ कैदी असलेल्या या राजाला कलकत्त्यात आल्यावर मोकळा श्वास घेता येई. एकाने देश गमावलेला, दुसऱ्याच्या हाती स्वतःचा देश नसलेला. मैत्री व्हायला हे पुरे होतं.

पुढचं नेपाळच्या इतिहासात नोंदलेलं आहे. नोव्हेंबर 1950 मध्ये त्रिभुवन कुटुंबासह भारतीय वकिलातीत शिरले आणि तिथून दिल्लीला गेले. घाईत राणांनी मागे राहिलेल्या तीन वर्षांच्या नातवाला, ज्ञानेंद्रला, गादीवर बसवलं. फेब्रुवारी 1951 मध्ये त्रिभुवन परतले ते खरे राजे होऊन. त्याच वर्षी त्यांनी बोरिसला काठमांडूला बोलावलं.

प्रवेश चौथा : काठमांडू

किराशी त्याचं लग्न तोवर संपलं होतं. 1948 साली त्याने इंगर फायफर या डॅनिश तरुणीशी संसार मांडला. ती चित्रं काढणारी, त्याच्याहून बरीच लहान. डेन्मार्कच्या मुलीने कलकत्ता पत्करावं हे एक, आणि तिथून जिथे मोटाररस्ताच जात नाही अशा खोऱ्यात जावं हे दुसरं. पुढे तिची आईही काठमांडूत त्यांच्याबरोबर राहिली.

आणि रस्ता खरोखरच नव्हता. राणांच्या मोटारी भीमफेदीपर्यंत येत आणि तिथून हमालांच्या खांद्यांवर डोंगर ओलांडत. जड माल रोपवेने वर चढे. विमानं उतरत ती गौचरला, म्हणजे गुरं हाकलून मोकळ्या केलेल्या माळावर. तोच आजचा त्रिभुवन विमानतळ. भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी त्रिभुवन राजपथ खोदायला घेतला तो 1953 मध्ये. रस्ता होईपर्यंत टेबल, टब, काटेचमचे, दारूच्या बाटल्या यांतली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी पाठीवरून किंवा डाकोटा विमानातून आलेली.

अशा ठिकाणी बोरिसने हॉटेल काढायचं ठरवलं! राणांचे वाडे रिकामे पडू लागले होते. इटालियन संगमरवर आणि युरोपातली झुंबरं असलेले प्रचंड चुनेगच्ची महाल. कांतीपथावरच्या बहादुर भवनाचा एक भाग त्याने घेतला आणि 1954-55 च्या सुमारास ‘रॉयल हॉटेल’ उभं केलं. एकेक खोली क्रिकेट खेळावं एवढी, छत दिसेल न दिसेल एवढ्या उंचीवर, आणि नळाला पाणी येईल तेव्हा येईल. पण बारमध्ये मधोमध तांब्याचं मोठं धुराडं, त्याखाली पेटती शेकोटी, आणि भोवती गोल बसलेली माणसं. रंगमंच कसा बांधायचा हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. बारचं नाव ठेवलं ‘याक अँड यती’.

आता पाहुणे हवेत, आणि पाहुण्यांना यायची परवानगी हवी. सरकारला कळेना, परदेशी माणूस इथे येऊन करणार काय? 1955 साली टॉमस कुकतर्फे पहिले पर्यटक आले, जेमतेम वीसेक. त्यांच्यासाठी बोरिसने जागोजाग रदबदली केली होती. आख्यायिका अशी की त्रिभुवनांच्या मागून गादीवर आलेले त्यांचे पुत्र राजे महेंद्र हॉटेलात आले, आणि या परक्या म्हातारा-म्हातारींना खुकरी, मुखवटे, पितळी मूर्ती यांवर पैसे उधळताना त्यांनी स्वतः पाहिलं. लोकांना आपल्या देशात यायचं आहे, आणि त्यासाठी ते पैसेही मोजतील, हे तिथे पटलं. व्हिसा देण्याचा हुकूम निघाला. ज्याचं आयुष्य एकदा एका कागदावर वाचलं होतं, त्याने आता परक्यांसाठी एका राजाकडून कागद काढून घेतला. एवढी एक गोष्ट केली असती तरी माझ्या मते बोरिसचं नाव राहिलं असतं.

अर्थात, राजदरबारी पाय ठेवणाऱ्याला तुरुंगही जवळच असतो. त्याने दारू गाळण्याचा परवाना घेतला होता. त्यावरून सरकारशी देण्याघेण्याचा वाद झाला आणि त्याला काही महिने कोठडीत काढावे लागले. तिकडे मे 1956 मध्ये राजे महेंद्रांचा राज्याभिषेक ठरलेला. जगभरचे पाहुणे आणि पत्रकार येणार, ते उतरणार कुठे, जेवणार काय? शहरात पाहुणे ठेवण्याजोगं हॉटेल एकच, आणि त्याचा मालक गजाआड. राज्याभिषेकाच्या तोंडावर त्याची सुटका झाली. सुटल्या सुटल्या हा गडी आचारी, वाढपी, कोंबड्या, मासे भारतातून विमानाने आणवायच्या मागे लागला. या सोहळ्याला हान सुयिन ही लेखिका आली होती. तिथेच तिला राजपथ बांधणारे भारतीय लष्करातले अभियंता व्हिन्सेंट रत्नस्वामी भेटले आणि पुढे त्या दोघांनी लग्न केलं. 1958 साली आलेल्या तिच्या ‘द माउंटन इज यंग’ या कादंबरीतला हॉटेलवाला वासिली म्हणजे आपला बोरिसच.

पन्नासच्या दशकाचा उत्तरार्ध हा यतीचाही काळ. हिममानवाच्या शोधात मोहिमांवर मोहिमा येत होत्या. नेपाळ सरकारने त्यासाठीही नियम केले. यती शोधायचा तर पाच हजार भारतीय रुपये भरून परवाना घ्या, फोटो काढा, जिवंत पकडा, पण स्वसंरक्षणाखेरीज मारू नका. ही नियमावली काठमांडूतल्या अमेरिकी वकिलातीने 1959 साली मायदेशी कळवली, ती आजही वाचायला मिळते. अशा मोहिमांतली मंडळी संध्याकाळी जमणार कुठे? तांब्याच्या धुराड्याभोवतीच. एका कोपऱ्यात शिखराहून परतलेले गिर्यारोहक, दुसऱ्यात वकिलातीतले अधिकारी, तिसऱ्यात सुटी घालवायला आलेले राजपुत्र. दियागिलेव्हची युक्ती इथे चालली होती: माणसं निवडायची, जवळ बसवायची आणि बाजूला व्हायचं.

फेब्रुवारी 1961 मध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ नेपाळला आली. तराईत, चितवनातल्या मेघौलीजवळ जंगल साफ करून तंबूंचं गावच वसवलं गेलं. तीनशेहून अधिक हत्तींचं कडं करून वाघ मध्ये कोंडला. त्याआधी महिनाभर राजस्थानात प्रिन्स फिलिपने वाघ मारला होता आणि इंग्लंडात गदारोळ उडाला होता. नेपाळात त्यांच्या बंदुकीच्या बोटाला नेमकी पट्टी बांधलेली निघाली. बंदूक परराष्ट्रमंत्री लॉर्ड होम यांच्या हाती आली आणि त्यांचे नेम चुकले. शेवटी वाघ मारला तो राणीच्या बरोबरच्या अधिकाऱ्यांनी. या सगळ्या खटाटोपात तंबूतलं जेवण बोरिसकडे होतं. जंगलात राणीला लंडनचं जेवण वाढायचं नाही हे त्याने ठरवलेलं. नेपाळी रानातली शिकार हाच त्याचा बेत. आज तो बेत आणि ती शिकार दोन्ही वाचवत नाहीत. चितवनचं अभयारण्य पुढे 1973 साली राष्ट्रीय उद्यान झालं.

या धबडग्यात इंगर कुठे होती? पुस्तकांत ती मागच्या विंगेत दिसते. हॉटेल आणि घर यांच्यात भिंत नव्हती. मुलं, सासू, प्राणी, न सांगता येणारे पाहुणे आणि न भरली जाणारी बिलं, सगळं एकाच छताखाली. बोरिस हिशेबाचा माणूस नव्हता हे त्याचे चाहतेही कबूल करतात. जो आवडला त्याचं बिल विसरायचं, ही त्याची रीत. आपल्या मराठी नाट्यव्यवहारातही असे मालक झाले, ज्यांच्या दिलदारीच्या कथा आपण चवीने सांगतो. त्या दिलदारीची किंमत घरात कोण मोजत होतं, हे विचारायची पद्धत नाही. इंगर काठमांडूतच राहिली, नवऱ्यामागेही कित्येक वर्षं.

प्रवेश पाचवा : लाल दरबार

दार उघडून दिलं की मागून गर्दी येतेच. साठच्या दशकात काठमांडूत नवी हॉटेलं उभी राहिली. सोल्टी आणि अन्नपूर्णा ही दोन्ही राजघराण्यातल्या मंडळींचीच. 1962 साली नेपाळात मोजलेले परदेशी पर्यटक 6,179. पुढच्या काही वर्षांत तरुणांचे तांडे खुष्कीने येऊ लागले. त्यांना राणांचे महाल नको होते, गांजा आणि स्वस्त खोली हवी होती. गुरं हाकलून केलेल्या माळावर आता मोठी विमानं उतरू लागली. बोरिसने ज्या धंद्याचा पाया घातला, तो आता हिशेब येणाऱ्यांचा झाला होता. रॉयल हॉटेल साठच्या दशकाबरोबर मिटलं.

दरबार मार्गालगत लाल दरबार हा आणखी एक राणा-महाल आहे. बोरिसने तिथे ‘याक अँड यती’ नावाने उपाहारगृह काढलं. तांब्याचं धुराडंही बरोबर नेलं. हॉटेल बुडालं तरी शेकोटी विझली नाही. पुढे भागीदारीत त्याच जागेवर मोठं हॉटेल उभं राहिलं. ते 1977 साली सुरू झालं, आणि नाव तेच ठेवलं गेलं. मोठ्या भांडवलाच्या हॉटेलात मात्र बोरिस फार काळ रमला नाही. बाहेर पडला, पुन्हा लहान उपाहारगृह काढलं. वयाच्या सत्तरीत पुन्हा नव्याने टेबलं मांडायची, हे नर्तकालाच सुचू शकतं. नर्तकाला रोज सकाळी पहिल्यापासूनच सुरुवात करायची असते.

त्याच्या पानावर मुख्य पदार्थ होता बोर्श्त. बीट, कोबी, मांस यांचं लालभडक सूप, वर आंबट सायीचा गोळा. आपण बीटची कोशिंबीर करतो, त्यांनी बीटचा स्वयंपाक केला. काठमांडूत या सूपाला ‘रशियन’ म्हणत, आणि बोरिसलाही रशियन म्हणत. 2022 साली युनेस्कोने युक्रेनच्या बोर्श्त-परंपरेची तातडीने जपण्याजोग्या वारशांच्या यादीत नोंद केली. पुढच्या वर्षी ओडेसाचं जुनं शहरही जागतिक वारशात आलं, युद्धाच्या सावटाखाली. बोरिस आज असता तर त्याने आपल्या सूपाला काय म्हटलं असतं? मला वाटतं, त्याने आधी पाहुण्याला खाऊन घे म्हटलं असतं.

20 ऑक्टोबर 1985 रोजी काठमांडूत त्याचं निधन झालं. वय ऐंशी. दफन तिथेच, इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत.

भरतवाक्य

नर्तकाने मागे ठेवायचं काय? बोरिसच्या नाचाचं आपल्यापुढे काही नाही. मेजवान्यांचंही नाही; जेवण उठल्यावर उरतात ती खरकटी पानं. काठमांडूत उरलं आहे ते एक हॉटेलचं नाव, एक धुराडं आणि थोडे पदार्थ. आणि एक आकडा: 1962 मधल्या सहा हजार पाहुण्यांचे 2019 पर्यंत जवळपास बारा लाख झाले. या गर्दीचं श्रेय एकट्याला देणं भाबडेपणा ठरेल. रस्ता लष्कराने खोदला, हिमालय आधीपासून होता, आणि ओझी वाहणाऱ्या हमालांची नावं तर कुणी लिहूनही ठेवली नाहीत. गर्दीचं सगळंच भलं झालं असंही नाही. एव्हरेस्टच्या वाटेवरचा कचरा पाहिला की बंद दाराची आठवण कुणालाही येईल.

तरीही कांतीपथावरून जाताना बहादुर भवनासमोर मी जरा थांबतो. ज्या महालात राणांनी परक्याला उभं केलं नाही आणि बोरिसने येईल त्याला बसवलं, तिथे आज नेपाळच्या निवडणूक आयोगाचं कार्यालय आहे. फाटकावर पहारा असतो. आत जायचं तर काम सांगावं लागतं, ओळख दाखवावी लागते. माझं आत काहीच काम नाही. खिशात हात जातो तो सवयीने, आणि बोटांना लागतं ते आपल्या निवडणूक आयोगाचं, फोटोत चेहरा धड न ओळखू येणारं ते कार्ड, ज्यावर मला या देशाने तीन दिवसांपूर्वी काही न विचारता आत घेतलं होतं.